ओल्या पुठ्ठ्याचा वास

या, असे जवळ सरका. मागच्या रांगेपर्यंत पोचेल इतक्या चढ्या आवाजात सांगावी अशी ही गोष्ट नाही. दोन भाऊ, त्यांच्या दोन बायका आणि दोन बाटल्या, एवढाच तिचा पसारा. देवाने माणसाला नाक दिलं, जीभ दिली, आणि जीभ आवरायची मुभाही दिली. त्या मुभेचं एका माणसाने काय केलं, ते ऐका.

तर धाकटा भाऊ, पुस्तकं बांधणारा बाइंडर, बाटलीचं झाकण फिरवत होता. रविवारची दुपार. खालचं दुकान बंद, पण सरसाचा वास जिन्यावरून वर येऊन घरात मुरलेला. बायकोने दोन जाड काचेचे पेले पुसून टेबलावर ठेवले आणि दोन्हींत बर्फाचा एकेक खडा टाकला. कोपऱ्यावरच्या दुकानातली ही सगळ्यात स्वस्त लाल वाइन. लेबलावर ना गाव ना साल, नुसतं एक बदक. या घरात तिचं नावच बदक पडलं होतं.

आठवडाभर नवरा-बायको एकाच टेबलाशी समोरासमोर बसून पानं दुमडत, शिवत, पुठ्ठे चिकटवत. तेव्हा बोलणं म्हणजे "दोरा दे" आणि "कात्री कुठंय" एवढंच. खरं बोलणं व्हायचं ते रविवारी, बदकासमोर. तिच्या बहिणीचं दुखणं, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याचं घोरणं, कुणाची कशी फजिती झाली ते. "आज बदक जरा रुसलंय हं," ती तोंड आंबट करून म्हणायची आणि पेला पुढे करायची. वीस वर्षांत दोघांपैकी कुणालाही ही वाइन चांगली की वाईट, असा प्रश्न पडला नव्हता. सोबत बसणाऱ्याची कुणी प्रत ठरवतं का?

जिन्यावर पावलं वाजली.

"आले," बायको म्हणाली, आणि घाईघाईने एका पेल्यातला बर्फ बोटांनी काढून बेसिनमध्ये टाकला. दुसऱ्यातला काढायच्या आत दादा दारात उभा होता.

दादा म्हणजे बाइंडरचा थोरला भाऊ. शहरातल्या मोठ्या हॉटेलात वाइन वाढायच्या कामावरचा मुख्य माणूस. रविवारीही काळा कोट, हातात कापडात गुंडाळलेली उंच बाटली. मागे वहिनी, दोन पायऱ्या खाली, दम खात.

"झाली का सरबतं सुरू?" दादा म्हणाला. मग पेल्यात वाकून पाहिलं. "बर्फ! अरे, वाइनमध्ये बर्फ घालणाऱ्याला आमच्या हॉलच्या दारातसुद्धा उभं करत नाहीत."

"बरं झालं आम्ही घरीच बसतो," बायको म्हणाली. "दारात उभं राहून पाय दुखले असते."

वहिनी हसली. दादा हसला नाही. त्याने बदकाची बाटली दोन बोटांनी उचलून खिडकीत, कुंडीशेजारी नेऊन ठेवली आणि आपली बाटली टेबलाच्या मधोमध मांडली.

"ही आज खास आणलीय. उद्या नवा मॅनेजर आमची परीक्षा घेणार आहे. सहा पेले, बाटल्या झाकलेल्या. वास घ्यायचा आणि सांगायचं, कुठली काय आणि कुठली बिघडलेली. ज्याला जमणार नाही तो हॉलमधून थेट गोदामात, खोकी रचायला." तो बुचात स्क्रू फिरवू लागला. "माझी परीक्षा! त्याचे दुधाचे दात पडले नव्हते तेव्हापासून मी बुचं काढतोय."

वहिनी मांडीवरच्या रुमालाची घडी मोडत होती आणि पुन्हा घालत होती.

बूच निघालं. दादाने ते नाकाशी धरलं, डोळे मिटले, मान हलवली. पेल्यात दोन घोट ओतले, पेला गोल फिरवला, नाक आत खुपसलं. सगळे थांबले. वहिनीने तोवर आपल्या पेल्यात थोडी ओतून घेतली होती. तिने वास घेतला. क्षणभर तिचे ओठ मिटले.

"लवंगेसारखं काहीतरी आहे, नाही का?" ती म्हणाली.

"लवंग," दादा डोळे न उघडता म्हणाला. "लवंग, आणि मागून जुनं चामडं. शिकलीस हं तू."

दादाने भावालाही ओतली. बाइंडरने पेला उचलला. लवंग नव्हती. चामडंही नव्हतं, आणि चामड्याचा वास त्याला कुणी शिकवायला नको होता. गेल्या वर्षी दुकानात नळ फुटून पुठ्ठ्यांचा अख्खा गठ्ठा तीन दिवस पाण्यात पडला होता. चौथ्या दिवशी शटर वर केल्यावर जो भपकारा आला होता, तोच, तसाच, या पेल्यातून येत होता.

त्याने पुन्हा वास घेतला. ओला पुठ्ठा. दुसरं काही नाही.

हे त्याला ओळखीचं होतं ते दादामुळेच. पुष्कळ वर्षांपूर्वी याच टेबलाशी दादाने धडा दिला होता. बूच आतून खराब झालं की कितीही भारी वाइन असो, तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. ती ओतून द्यायची. आधी वाढप्याने वास घ्यायचा तो शोभेसाठी नाही, एवढ्यासाठीच. "आणि एवढं ज्याला कळत नाही," दादा तेव्हा म्हणाला होता, "तो म्हणजे डोळे नसलेला ड्रायव्हर."

"अहो, हिला तर कसला..." बायको बोलायला लागली. बाइंडरने टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला. ती थांबली. समोरून वहिनी त्याच्याकडे पाहत होती.

"भावजी, पातेलं उतरवायला जरा हात लावता?" ती म्हणाली.

स्वयंपाकघरात पातेलं आधीच उतरवलेलं होतं. वहिनी ओट्याला पाठ टेकून उभी राहिली.

"कळलं ना तुम्हाला?"

"केव्हापासून?"

"थंडीतल्या त्या तापानंतर. वास गेला तो आलाच नाही. दूध करपून घरभर धूर झाला, हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले." ती हळू बोलत होती. "मला सांगितलेलं नाही. मला माहीत आहे हेही ह्यांना माहीत नाही. मी आधी चाखते, काहीतरी शब्द टाकते, ते उचलतात. घरी चालून जातं. हॉलमध्ये जुनी गिऱ्हाइकं आहेत, बाटल्या पाठ आहेत, तिथेही चाललं. पण उद्या बाटल्या झाकलेल्या, भावजी. आणि उद्या मी नसणार."

"मग सांगा ना त्याला."

"मी सांगितलं तर ह्यांना कळेल की वर्षभर मी ह्यांना हाताला धरून चालवत होते. जन्मभर माझ्याकडे बघणार नाहीत." तिने पदराने ओटा पुसला, ओटा स्वच्छच होता. "तुम्ही सांगा. भाऊ आहात. आत्ता, इथे, घरातल्या घरात. बाटली खराब आहे म्हणा, बाकी ते समजतील. चिडतील, चिडू देत. रात्री चिठ्ठी पाठवून आजारपणाची रजा घेतील. उद्या पन्नास माणसांसमोर नको हो."

बाइंडरने मान हलवली. "सांगतो," तो म्हणाला. आणि देवाशपथ सांगतो तुम्हाला, त्या क्षणी त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. डोळ्यांसमोर दादाच होता, लहानपणी त्याला खांद्यावर बसवून ओढा ओलांडणारा.

तो बाहेर आला. दादा खिडकीशी उभा होता. त्याच्या हातात बदकाची बाटली उपडी होती आणि शेवटचे थेंब कुंडीत पडत होते. बायको आपला रिकामा पेला हातात धरून खुर्चीशी उभी होती. रागाने नव्हे, चारचौघांत थप्पड खाल्लेलं माणूस उभं राहतं तशी.

"झाडाला तरी उपयोग होईल," दादा म्हणाला. "माणसांच्या पोटात घालायची वस्तू आहे का ही? वीस वर्षं सांगतोय, पण तुमची जीभच मेलेली. पुठ्ठे चिकटवून चिकटवून सरस बसलाय जिभेवर. हिला काय, तू आणशील ते अमृत. पण तुला तरी कळायला हवं." त्याने बाटली खाली ठेवली, हात रुमालाला पुसले आणि टेबलाशी येऊन बसला. "बोल आता. माझी कशी वाटली? खरं सांग. भाऊ म्हणून सांग."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिच्या हातात ताटं होती.

बाइंडरने बायकोकडे पाहिलं. तिने पेला टेबलावर उपडा घातला. मग त्याने आपला पेला उचलला, आणि घोटभर नव्हे, तळापर्यंत रिकामा केला. गळ्याची घाटी वरखाली झाली.

"छान आहे, दादा," तो म्हणाला. "खरंच छान. अजून घाल."

दारात ताटं एकमेकांवर वाजली.

दादाच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की बाइंडरने मान खाली घातली. "बघ," दादा म्हणाला, "चांगली वस्तू पोटात गेली की तुझंसुद्धा तोंड उघडतं." आणि त्याने पेला काठोकाठ भरला. बाइंडर तोही प्यायला.

जेवण झालं. दादा तरुणपणचं काहीतरी गुणगुणत जिना उतरला. वहिनी मागे. जाताना ती बाइंडरला "येते" म्हणाली नाही.

मग बायकोने विचारलं, "आत काय म्हणत होत्या?"

त्याने सगळं सांगितलं. ती ऐकत गेली.

"आणि तरी बोलला नाहीत? का हो? दया आली?"

बाइंडर बेसिनपाशी गेला आणि चूळ भरली. पुन्हा भरली. तिसऱ्यांदाही भरली. नळ चालूच होता.

पुढे सोमवारी त्या हॉलमध्ये काय झालं, ते मला विचारू नका, तुम्हीही जाणता. थोरल्याला कुणी फसवलं आणि धाकट्याने कुणाला वाचवलं, याचा निवाडा करणारा वर बसला आहे. मी एवढंच मागतो. त्या दिवशी पहाटेच उठून एक बाई काळ्या कोटाला इस्त्री करत होती, कॉलर दोनदा, बाह्या तीनदा. नवरा उठेपर्यंत तिने तो खुर्चीच्या पाठीवर नीट घातला आणि चहा ठेवला, तोंडातून अवाक्षर न काढता. आज निजताना हात जोडाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा तिचीही आठवण ठेवा. नाव लागत नाही. इस्त्री करणारी म्हटलंत, तरी वरच्याला कळेल.