मी थंडोबा, घाईचा साक्षीदार

मी एक फ्रीझर बोलतोय. घरातला आइस्क्रीमवाला नव्हे. प्रयोगशाळेतला, उणे ऐंशी अंशांचा. विद्यार्थी मला थंडोबा म्हणत.

कारखान्यातून आलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. एका संशोधक बाईंनी माझ्या पोटात पहिल्या नळ्या ठेवल्या. त्यांत एमआरएनए होता, म्हणजे शरीरातल्या पेशींना द्यायचा निरोप: अमुक प्रथिन बनवा आणि शत्रू ओळखायला शिका. कल्पना झकास, पण निरोप भलताच नाजूक. जरा ऊब लागली की संपला. टोचला तर उंदीर तापाने फणफणायचे. बाई सुस्कारा टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायच्या.

"यातून काही निघायचं नाही, बाई," विभागप्रमुख म्हणायचे. त्यांनी बाईंची खोली काढून घेतली आणि मला व्हरांड्यात स्वच्छतागृहाशेजारी उभं केलं. येणारेजाणारे माझ्या डोक्यावर हेल्मेट ठेवू लागले. बाईंचे केस पिकले, माझं दार कुरकुरू लागलं. मला त्यांचं फार वाईट वाटायचं.

आईचा फोन आला की बाई मला टेकून बोलत. आई दम्याच्या, पण जीभ खणखणीत. "अगं, अजून किती वर्षं त्या नळ्या हलवणार आहेस? शेजारच्या मुलीने घर बांधलं, विकलं, दुसरं बांधलं."

मग महामारी आली. रस्ते ओस पडले आणि ज्या निरोपाला कुणी विचारत नव्हतं, त्याच्यासाठी धावपळ सुरू झाली. नव्या विषाणूची रचना कळताच बाईंनी निरोपातला मजकूर बदलला. ताप येऊ नये म्हणून निरोपातलं एक अक्षर बदलायची आणि तो चरबीच्या सूक्ष्म थेंबात गुंडाळायची युक्ती इतक्या वर्षांच्या खटपटीतून तयारच होती. हजारो लोकांवर चाचण्या झाल्या आणि वर्षाच्या आत लस आली. विभागप्रमुख माझ्यावर हात ठेवून कॅमेऱ्यासमोर म्हणाले, "आमचा पहिल्यापासून विश्वास होता."

त्याच आठवड्यात आईंच्या इमारतीतले दोघे दगावले. बाईंनी घाबरून फोन लावला.

"आई, लस घे. तुला दमा आहे."

"छे! इतक्या घाईत बनवलेलं औषध मी टोचून घेऊ? टीव्हीवर सगळे तेच म्हणताहेत."

बाई म्हणाल्या, "तू इतकी वर्षं विचारायचीस ना, नळ्या हलवून काय मिळणार? हेच ते."

आईंनी घरघरत्या श्वासात विचारलं,

"ज्याच्यापायी तू बाबांच्या साठीलाही आली नाहीस, ते हेच?"

"हेच."

"मग घाई कसली, उशीरच केलास की. कधी येतेस मला न्यायला?"

बाई माझ्या दाराला कपाळ टेकून हसल्या, मग रडल्या. दुसऱ्या दिवशी आईंनी लस घेतली आणि सुई दुखल्याची तक्रारही केली.

आता नवे फ्रीझर आलेत. माझ्यावर 'भंगार' अशी चिठ्ठी लागली आहे आणि माझ्या जागी विभागप्रमुखांचा फोटो लागणार आहे. भंगारवाला येईल तेव्हा त्याला एवढं सांगा, बाबा रे, सावकाश ने. घाई केलेली इथे कुणाला आवडत नाही.