दादाची उजवी बाजू

लातुरात शिकवणी-वर्गांच्या गल्लीत देविदासची खानावळ होती. डॉक्टर होण्याची आकांक्षा घेऊन गावोगावहून आलेली मुलं तिथे दोन्ही वेळा जेवत. देविदास गल्ल्यावर बसे. पंक्तीत वाढायला मात्र तो कधी उठत नसे. त्याचा उजवा हात खांद्यापासून निर्जीव होता, आणि डाव्या हाताने कुणाच्या पानात अन्न वाढू नये हा आईचा संस्कार त्याने आईच्या मागेही सांभाळला होता.

त्या हाताची कथा गल्लीला ठाऊक होती. भूकंपाच्या पहाटे किल्लारीजवळच्या त्यांच्या गावी घराची दगडी भिंत कोसळली, तेव्हा सतरा वर्षांच्या देविदासने तीन वर्षांच्या भारतला पोटाशी घेऊन अंग पालथं टाकलं. आईवडील ढिगाऱ्यातून जिवंत निघाले नाहीत. भारतला ओरखडाही उठला नव्हता.

तोच भारत आता मिसरूड फुटलेला तरुण होता आणि मुष्टियुद्ध खेळत होता. नांदेडची निवड-स्पर्धा जिंकला तर पुण्याच्या शिबिराला जायचं, हरला तर हातमोजे माळ्यावर टाकून समोरच्या वर्गात बसायचं, असं दोघा भावांचं ठरलं होतं. शब्द भारतनेच दिला होता. आता तो शब्द त्याला झोपू देत नव्हता, कारण नांदेडला शहेबाज होता. शहेबाज डावखुरा. गतवर्षी त्याच्या डाव्या हाताने भारतची पुरती दैना केली होती.

डावखुऱ्यापुढे कसं उभं राहावं याचं शास्त्र उस्ताद लालमहंमद यांनी त्याला कितीदा तरी समजावलं होतं. आपला डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर ठेवावा आणि आपल्या डावीकडे सरकत राहावं. म्हणजे त्याचा घातक हात दूर पडतो आणि आपल्या उजव्या ठोशाला वाट मिळते. भारतला हे मुखोद्गत होतं. तरीही डावखुरा समोर आला की त्याची पावलं उजवीकडेच वळत, थेट त्या हाताच्या तोंडी. असं का व्हावं, हे ना गुरूला उमगत होतं, ना शिष्याला.

एके दुपारी उस्ताद खानावळीत जेवायला बसले होते. देविदासने पाणी मागितलं. भारत त्याच्या उजव्या अंगाला, अगदी जवळ उभा होता. तरी तो गल्ल्याला मागून वळसा घालून डावीकडे गेला आणि मग तांब्या पुढे केला. लहानपणापासून तो असाच वागत आला होता. दादाच्या डाव्या अंगाला चालायचं, डाव्या अंगाला निजायचं. निर्जीव हाताच्या बाजूला उभं राहणं त्याला पाप वाटे.

उस्तादांचा घास हातातच राहिला. "देविदास," ते म्हणाले, "ह्याला शहेबाजनं न्हाई हरवलं. ह्या तांब्यानं हरवलं. डाव्या हाताचा माणूस दिसला की ह्याचे पाय त्याच्या डाव्या अंगालाच जात्यात."

दुसऱ्या दिवशी देविदासने उजवा हात पंच्याने कमरेशी बांधला, डाव्या हातात मोजा चढवला आणि तो स्वतः रिंगणात उतरला. भारतला ठोसा उगारवेना. देविदासने त्याचे ओठ फुटेस्तोवर त्याला मारलं.

"दया करून राहिलास का माझ्यावर? गावच्या मारुतीला फेरी घालतूस ना, तसा फिर. मला तुझ्या उजव्या हाताला ठेव. अन् मार."

भारत फिरला. डोळे मिटून त्याने उजवा ठोसा मारला. देविदास त्या मेलेल्या खांद्यावर कोसळला. भारतने गुडघे टेकले आणि दोन्ही हात त्या खांद्याखाली घालून भावाला उचललं. त्या हाताला त्याचा स्पर्श इतक्या वर्षांत प्रथमच होत होता.

पुढे रोज तसंच चाललं. भारत डावीकडे सरके, ठोसा मारी, दादा पडे, आणि भारत त्याला उचले. उस्तादांना पावलांचा आनंद इतका झाला होता की त्या उचलण्याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

नांदेडला अंतिम लढतीत भारतची पावलं चुकली नाहीत. शहेबाज गोंधळला. शेवटच्या फेरीत भारतचा उजवा ठोसा त्याच्या हनुवटीवर बसला आणि तो उजव्या खांद्यावर पडला. पाडणाऱ्याने दूरच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहावं, तोवर पंच आकडे मोजायला आरंभ करत नाहीत, असा नियम आहे. भारतला तो नियम माहीत होता. पण समोर एक माणूस उजव्या खांद्यावर पडला होता. तो गुडघ्यावर बसला आणि त्याने दोन्ही हात शहेबाजच्या खांद्याखाली घातले.

सभागृहात हशा पिकला. पंचांनी त्याला दंडाला धरून ओढत कोपऱ्यात नेलं, ताकीद दिली, आणि मग मोजणी सुरू झाली. तेवढ्यात शहेबाजला श्वास मिळाला होता. तो उठला, आणि उरलेल्या वेळात त्याचा डावा हात पुन्हा बोलू लागला. निकाल शहेबाजच्या बाजूने लागला. जाताना त्याने भारतला मिठी मारली आणि कानाशी म्हणाला, "येडा हाईस तू." त्यात कुचेष्टा नव्हती.

बसस्थानकावर उस्ताद देविदासला म्हणाले की ते उचलणं रोज माझ्या डोळ्यांदेखत होत होतं आणि मी एकदाही टोकलं नाही. दोष पोराचा नाही.

बसमध्ये भारत दादाच्या उजव्या अंगाला बसला. अहमदपूरच्या पुढे रस्ता खराब होता. धक्क्यासरशी तो निर्जीव हात पुढच्या बाकाच्या लोखंडी दांडीवर आदळू लागला, तेव्हा भारतने तो आपल्या मांडीवर घेतला आणि धरून ठेवला. देविदास समोर पाहत होता. त्याला त्या हातात काही कळत नव्हतं.

चाकूर आलं तेव्हा तो म्हणाला, "सोमवारी वर्गात नाव घालू."

"हाव, दादा."

काही वेळाने देविदासने खाली, भारतच्या मांडीवरच्या आपल्या हाताकडे पाहिलं, आणि मग पुन्हा समोर. हात सोड असं तो म्हणाला नाही.