आर्चबिशप एरिसांची काठी

मित्रांनो, दाराआडच्या कोपऱ्यात टेकून उभी आहे ती मी, आर्चबिशप एरिसांची जुनी काठी. मेंढपाळाच्या काठीसारखी वर वाकलेली.

मला बेंग्ये सुताराने घडवलं. तो आणि एरिसा लहानपणी आमच्या अंकोले मुलखातल्या टेकड्यांवर एकत्र गुरं राखायचे. एरिसा बिशप झाले तेव्हा बेंग्ये महिनाभर माझ्यावर खपला. मला तुपाने घासून त्यांच्या हातात देताना म्हणाला, "गुरांना सरळ काठी पुरते रे. माणसं वळवायला वाकडीच लागते."

मी त्यांच्याबरोबर किती डोंगर चढले, किती शाळांच्या पायाभरणीला उभी राहिले. पुढे ते आर्चबिशप झाले, साऱ्या देशाच्या चर्चचे प्रमुख. राजधानीतले लोक मला निरखून सुताराच्या हाताचं कौतुक करायचे.

त्याच सुमारास बेंग्येचा भाऊ वारला. रीतीप्रमाणे बेंग्येने भावाची विधवा कबारुंगी दुसरी बायको म्हणून आपल्या घरात घेतली. तिच्या तीन पोरांना ताट मिळालं. पण दोन बायकांच्या नवऱ्याला चर्चमध्ये प्रभुभोजन नाही आणि मेल्यावर प्रार्थनाही नाही. हा नियम कडक केला होता एरिसांनीच.

बेंग्ये गेला. त्याच्याच केळीच्या बागेत खड्डा खणला. आर्चबिशप आले ते प्रार्थनेचा झगा गाडीत ठेवून, मला धरून. कबारुंगी पुढे झाली.

"माझ्यासाठी नको, बाबा. त्यांच्यासाठी दोन शब्द म्हणा."

"मीच नियम मोडला तर उद्या कोण पाळेल, बाई?"

त्यांची मूठ इतकी आवळली होती की मला वाटलं, आता मोडते मी. माती पडत राहिली.

सात वर्षांनी ते निवृत्त झाले. रिवाजाप्रमाणे त्यांनी मला वेदीवर ठेवलं आणि अधिकार सोडला. नव्या आर्चबिशपांची काठी चांदीची होती. मला त्यांनी परत दिलं, म्हाताऱ्या गुडघ्यांना आधार म्हणून.

गावी आल्यावर दुसऱ्याच दिवशी ते बेंग्येच्या बागेत गेले. कबारुंगी शेंगा सोलत होती. तिने तिवई दिली, दूध दिलं. प्रार्थना म्हणू का, असं त्यांनी विचारलं.

"म्हणा की. आता तुम्हाला कोण अडवतंय? पण ऐकायला त्यांची आई होती, ती गेली. थोरली बायकोही गेली. पोरं गावात मान खाली घालून वाढली. आता म्हणाल ते तुमच्यासाठीच."

त्यांनी म्हटली. सगळा भार माझ्यावर होता.

मित्रांनो, मला आता कोणी तूप लावत नाही, त्याचं मला दुःख नाही. वाळलेलं लाकूड उशिरा घासलं तरी चकाकतं. माणसाला मात्र मायेचा शब्द वेळेवर द्या, तो द्यायला कितीही जड जावो.

माझे धनी अजून रोज त्या बागेत जातात. कबारुंगी तिवई मांडते आणि आत निघून जाते.