शेंदराखालच्या खाचा

"ए दगडा, खरं सांग, तू नक्की कोणता देव आहेस?"

भर आरतीत हे विचारायची पैज रंजिताने आपल्या मैत्रिणीशी, नंदिनीशी लावली होती आणि नंदिनीने विचारलंसुद्धा! नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी सगळ्या टाळ्या थांबल्या.

मित्रांनो, उत्तर मलाच ठाऊक नाही हो! मी एक जुना, पिवळा, वाळवंटातला दगड आहे. खीवासर नावाच्या छोट्याशा गावात विहिरीच्या काठावर मी बसायचो. तिथे ना किल्ला, ना राजवाडा. उंटांचे तांडे पाण्यासाठी थांबायचे, नव्या नवरीला पहिली घागर भरायला वाजतगाजत आणायचे. बाया माझ्या अंगावरून दोर ओढायच्या. आधी सासूचा दोर, मग सुनेचा, मग तिच्या सुनेचा. घासून घासून माझ्या अंगात खोल खाचा पडल्या. गावाचा इतिहास म्हणाल तर तेवढाच!

मग नळ आले आणि मला कुणी विचारेना. नळाच्या कामावर आलेल्या नंदिनीच्या बाबांनी मला उकिरड्यावरून उचललं आणि ट्रकमधून इथे आणलं. गेटपाशी ठेवलं. एकदा कुणी फूल वाहिलं, कुणी शेंदूर फासला. झालं! तिथे मी पाणी द्यायचो, इथे माझ्यावरच पाणी ओततात. काही कळतच नाही!

सेक्रेटरी रावसाहेबकाका भडकले. "देवाची मस्करी करतेस? रविवारी गवंडी येतोय. या खाचा सिमेंटने बुजवून, टाइल्स लावून मस्त देऊळ बांधतो!"

अहो, माझ्या खाचा! नंदिनीचे बाबा मात्र ताटातली फुलं गोळा करू लागले.

लोक पांगल्यावर शेजारच्या सारसोळे गावची रंजिता कुजबुजली, "तुजे बाबा गप का हायेत गं? त्यांनीच आनला ना?"

नंदिनीने नखाने शेंदूर खरवडला. एका खाचेत तिचं अख्खं बोट बसलं.

"बाबा, हे कुणी कोरलं?"

"कोरलं नाही गं. बायकांनी पाणी ओढलं, त्याच्या खुणा आहेत."

"मग सांगा ना सगळ्यांना!"

"नको हं," बाबांच्या शेजारी उभी असलेली आई म्हणाली. "लोकांची श्रद्धा बसलीय. उगाच टेन्शन."

मित्रांनो, मला देव म्हणा, पायरी करा, पण माझ्या खाचा तेवढ्या बुजवू नका. त्या गेल्या, तर खीवासरच्या बायांचं काहीच उरणार नाही.

नंदिनी ताठ उभी राहिली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. रविवारी गवंड्याच्या आधी मी इथे येऊन बसणार. येईल त्याला या खाचांत बोट घालायला लावणार आणि सांगणार, हे बायकांनी पाणी ओढलंय. मग नमस्कार करायचा तर खुशाल करा!"