दाखल क्रमांक एकशे तेरा

मी भुसावळजवळ दीपनगरला वीज केंद्रात कंट्रोल रूमला आहे, तीस वर्षं होत आली. दर तासाला मीटरचे आकडे वहीत उतरवायचे आणि कुठे चार मेगावॅट कमी-जास्त दिसले की का दिसले ते शोधत बसायचं, एवढंच माझं काम. आमच्या कॉलनीत माणसं भेटली की 'कसं काय' नंतर विचारतात, आधी विचारतात, 'आज जनरेशन किती?' असा आकड्यांत मुरलेला मी, आणि माझ्याच घरच्या कागदावर आजोबा आणि वडील यांच्यात फक्त नऊ वर्षांचं अंतर आहे, हे मला कधी दिसलं नाही. ते दुसऱ्यानं दाखवावं लागलं, तेही शिक्का मारून.

झालं असं की माझ्या पोरीला, मृणालीला, इंजिनीअरिंगला जागा लागली. इलेक्ट्रिकल. कॉलेजनं सांगितलं की पंधरा दिवसांत जात पडताळणीचं प्रमाणपत्र आणा, नाहीतर जागा पुढच्या यादीतल्याला जाईल. मी आयटीआय करून अप्रेंटिसमधून लागलो, मला हे प्रमाणपत्र कधी लागलं नाही, म्हणून आमच्या घरात सुरुवातच मृणालीपासून. अर्ज मीच भरला, मोठ्या ऐटीत. वंशावळ काढली: कौतिक, त्याचा पुना, पुनाचा यादव, यादवचा मी धम्मपाल, माझी मृणाली. पन्नास सालाच्या आधीचा कागद लागतो, आणि आमच्यासारख्यांच्या घरात तेव्हाचा कागद असतो कुठे? पण आमच्याकडे होता. पुनाआजाच्या शाळेच्या दाखल्याचा उतारा. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, तरुणपणी कधीतरी काढून आणलेला आणि मरेपर्यंत ट्रंकेत, स्वतःच्या उताऱ्यासोबत, जपलेला.

आठव्या दिवशी त्रुटीचं पत्र आलं. अर्जदाराचे पणजोबा पुना कौतिक यांची जन्मतारीख १ जून १९३४, आजोबा यादव पुना यांची १ जून १९४३. पिता-पुत्रात नऊ वर्षांचे अंतर कसे, याचा पुराव्यासह खुलासा करावा.

एक जूनचं काही नाही. जुने मास्तर पोराची तारीख माहीत नसली की एक जून ठोकून द्यायचे, आमच्या कॉलनीत त्या दिवशी निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस असतो. पण नऊ वर्षं? माझं डोकंच सटकलं. पन्नास वर्षांपूर्वी मेलेल्या त्या मास्तराला मी स्वयंपाकघरात उभं राहून काय काय बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही. बायको, स्नेहल, शांतपणे पोळ्या लाटत होती. तिनं एवढंच विचारलं की गावात दुसरा कोणी पुना कौतिक नव्हता ना? मी ट्रंकेतला उतारा काढून पुन्हा वाचला. कारण दुसरा असला तर तो उतारा आमचा नव्हताच. मग पोरीची जागा गेली, आणि आबांनी जन्मभर परक्याचा कागद ट्रंकेत ठेवला असं झालं असतं. खरं सांगतो, ती दुसरी गोष्ट मला जास्त लागली.

मृणालीला मात्र भलतंच खूळ लागलं. जागा तिची जात होती, पण काळजी बाजूला आणि हिचा प्रश्न वेगळाच. 'पप्पा, पण पिढी म्हणजे किती वर्षं?' वही घेतली आणि निघाली विचारत. फोननं सांगितलं, पंचवीस ते तीस. भुसावळचा मोबाइल दुकानवाला म्हणाला, आमच्यात दहाएक वर्षांनी बदलते, फोर जी, फाइव्ह जी मधला जी म्हणजे तीच की. माझ्याबरोबर शिफ्टला असणारा प्रेमराज रावेरकडचा, घरची केळी. तो म्हणाला, आमच्यात वर्ष-सव्वा वर्षात पिढी होते. घड कापला तरी आईचं खोड लगेच मुळापासून काढत नाहीत, थोडं उभं ठेवतात, त्यातला रस बाजूच्या पिलाला, म्हणजे बुंध्याशी फुटलेल्या नव्या कोंबाला मिळतो. पील उभं राहिलं की मग खोड आपोआप बसतं. मलाही तिनं सोडलं नाही. मी म्हटलं, आमच्या जनरेशनचं कौतुक एवढंच की ते साठवून ठेवता येत नाही. ज्या क्षणाला तयार होतं त्याच क्षणाला कुणाच्या तरी घरी जाऊन जळतं. तिनं तेही लिहून घेतलं. मी म्हटलं, बाई, सात दिवस उरलेत आणि तू निबंध लिहितेस?

ती म्हणाली, 'नऊ वर्षांची पिढी केळीत बसते, मोबाइलमध्ये बसते, माणसात बसत नाही. म्हणजे माणसात काहीतरी झालंय. ते कोणाला तरी ठाऊक असणार.'

ठाऊक असणारं एकच माणूस उरलं होतं, माझी केसरबाई आत्या. आबांची धाकटी बहीण, ऐंशीला टेकलेली, अमळनेरच्या पुढे बोरीच्या काठच्या आमच्या गावातच राहते. पोरांनी तिला स्लॅबचं घर बांधून दिलंय, कूलर आहे, टीव्ही आहे, पण बसते दारातच. दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकली आणि बाप-लेक एसटीनं निघालो. जाताना मी ठरवलं होतं की आधी चहा, मग हळूच विषय. पण मृणालीनं चप्पल काढता काढताच त्रुटीपत्र वाचून दाखवलं.

आत्या आधी हसली. मग तिनं पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, झालं, दुसरा पुना निघाला. पदर खाली घेऊन ती म्हणाली, 'तुना बापनी तुले सांगं नई का? बाप अन् पोऱ्या एकच वर्गमा व्हतात, धम्मा.'

मग तिनं सांगितलं ते असं. आबा सहा वर्षांचे झाले तेव्हा पुनाआजानं त्यांना शाळेत नेलं. आपल्या पोरांना तेव्हा वर्गात घेत नव्हते, बाहेर ओट्यावर बसवायचे. आणि आपल्या वस्तीतून शाळेत जाणारं पोर एकटं हेच. आजाची पाठ फिरली की आबा रडत त्याच्या मागे धावायचे. तीन दिवस असंच चाललं. चौथ्या दिवशी आजा परत फिरलाच नाही, ओट्यावर पोराशेजारी मांडी घालून बसला. गावकामाला हाक आली की उठायचा, काम करून पुन्हा येऊन बसायचा. सत्तावीस-अठ्ठावीसचा बाप्या, मिशा असलेला, हातात पाटी. मास्तर आठवडाभर पोर टिकतं का पाहायचे आणि मगच नाव घालायचे. त्या वर्षी तपासणीला साहेब येणार होते आणि पट भरत नव्हता. मास्तरांनी आजाला विचारलं, बसतोसच आहेस तर तुझंही नाव घालू का? आजा म्हणाला, घाला. लग्न झालेल्या माणसाला साहेब पटावर धरणार नाही, म्हणून मास्तरांनी त्याचं वय उतरवून पंधरावर आणलं.

मी कपाळावर हात मारला. पण आत्याचं संपलं नव्हतं. आजा पहिली शिकला, दुसरी शिकला. ती स्वतः दुपारी दोघांची भाकरी एकाच फडक्यात बांधून न्यायची. पण पोरं आबांना चिडवायला लागली. बाप घेऊन शाळेत येणारा, असं काहीबाही. एक दिवस घरी येऊन आबांनी बापाला सांगितलं, उद्यापासून तू येऊ नको. आजा गेला नाही. पुन्हा कधीच ओट्यावर बसला नाही. आबांनी ही गोष्ट कधी काढली नाही, कोणी काढली तर उठून जायचे.

'लाज वाटे तेले,' आत्या म्हणाली. 'पहिले बापनी, मंग सोतानी.'

आधी बापाची, मग स्वतःची. मला आबा आठवले. कडक माणूस. मी पहिलीत गेलो तेव्हा शाळेच्या दारापर्यंत यायचे आणि मी आत जाऊन बसलो तरी रस्त्यापलीकडे लिंबाखाली उभे राहायचे. मला वाटायचं, पाळत ठेवतात. मी त्यांचा किती राग राग केलाय.

पण आत्याचं बोलणं हा पुरावा नव्हता. कागद पाहिजे होता. शाळा अजून तिथंच आहे, इमारत नवी, ओटा गेला. मुख्याध्यापिका दिपमाला मॅडम धुळ्याकडच्या, मोजकंच बोलणाऱ्या. त्यांनी अर्ज घेतला, कपाट उघडलं, लाल फडक्यातलं दाखल-खारीज रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या की पानं सावकाश उलटा, कडा तुटतात. ते काम मृणालीनं केलं.

एकशे बारा: यादव पुना. एकशे तेरा: पुना कौतिक. एकाखाली एक, एकाच तारखेला, एकाच शाईत. जातीच्या रकान्यात तेव्हा जे लिहायचे ते दोघांपुढे लिहिलेलं. पण एवढ्यानं काय होतं? यादवच्या बापाचं नाव पुना, आणि शाळेत एक पुना कौतिक, हे तर आमच्या उताऱ्यांवरूनही कळत होतं. तोच तो, हे कुठे होतं?

मृणालीनं बोट रेघेवरून पुढे नेलं. यादवच्या ओळीत पालकाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'पुना कौतिक, दा. क्र. ११३ पहा.'

मास्तरानं वय खोटं लिहिलं, पण नातं खरं लिहून ठेवलं. दोन दिवस ज्याला शिव्या घातल्या त्या माणसाला मी मनातल्या मनात हात जोडले. मी लगेच म्हटलं, मॅडम, या दोन ओळींची साक्षांकित प्रत द्या, आम्हाला शेवटची एसटी गाठायची आहे. पण पोरीचं बोट अजून थांबलं नव्हतं. रजिस्टर रुंद, उजवीकडच्या पानावर शाळा सोडल्याची तारीख आणि सोडल्याचं कारण. पुनाआजाच्या उताऱ्यात कारणापुढे नुसती रेघ होती. मृणाली एकशे तेराच्या ओळीवर वाकून पाहायला लागली आणि म्हणाली, मॅडम, हे अक्षर वेगळंय.

मॅडमनी चष्मा लावला. बाकी सगळं मास्तरांचं वळणदार, तिरपं अक्षर. इथं मात्र मोठमोठी, उभी, एकमेकांपासून लांब लांब उभी केलेली अक्षरं, रकान्याच्या बाहेर गेलेली. मॅडम म्हणाल्या की हे मोठ्या माणसाचं नव्यानं शिकलेलं अक्षर आहे, प्रौढ वर्गात त्यांनी असं खूप पाहिलंय. मास्तरांनी त्यालाच लिहायला लावलं असणार.

मृणालीनं वाचलं.

'मुलगा आता एकटा बसतो.'

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. हाकलून दिलेल्या बापानं शेवटचं एकदा शाळेत जाऊन, आपल्या हातानं, असं कारण लिहिलं. मुलगा येऊ नको म्हणाला असं लिहिलं नाही. आबांनी उतारा काढला, पण हे पान त्यांनी कधी पाहिलं की नाही, मला ठाऊक नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, तेही मला ठरवता येत नाही. मॅडमनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि झेरॉक्सचं मशीन सुरू केलं.

सुनावणीला जळगावला गेलो तेव्हा तीन दिवस उरले होते. अधिकारी बाई होत्या. त्यांनी प्रत दोनदा वाचली आणि मला विचारलं की हे पुना कौतिक प्रवेशाच्या वेळी खरंच पंधराचे होते का? स्नेहलनं घरून निघताना बजावलं होतं, जास्त बोलू नका. पण माझ्या तोंडाला कधी कुलूप लागलंय? मी म्हटलं, नाही मॅडम, सत्तावीसचे असतील. मास्तरांनी पटासाठी वय उतरवलं. आणि सगळी गोष्ट सांगितली, ओट्यासकट. बाजूला मृणाली डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती, आता बापानं जागा घालवली म्हणून.

बाईंनी कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं. 'वय तपासणं माझं काम नाही,' त्या म्हणाल्या. 'नातं तपासणं आहे. ते इथं दिसतंय.'

तिसऱ्या दिवशी, म्हणजे अगदी शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र हातात पडलं आणि प्रवेश पक्का झाला.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी तिला सोडायला गेलो. गेटवर सोडून मागे फिरायचं ठरलं होतं. तिनं हात हलवला, आत गेली, आणि मी डिपार्टमेंटसमोर एक सिमेंटचा बाक होता त्यावर टेकलो. पाचच मिनिटं म्हणून. दहा वाजले, अकरा वाजले. प्रेमराजचा फोन आला, कुठे आहेस? म्हटलं, इथंच. जेवणाच्या सुट्टीत मुली बाहेर आल्या, त्यांत ती. मला पाहून थबकली. मला वाटलं आता चिडणार, मैत्रिणींसमोर. मी उठायलाही लागलो.

ती येऊन शेजारी बसली. डबा उघडला, अर्धी पोळी माझ्या हातात दिली. खाऊन झाल्यावर म्हणाली, 'पप्पा, मी बसते आता एकटी. लिहून देऊ?'

मी म्हटलं, दे.

तिनं खरंच वहीचं पान फाडलं आणि लिहिलं. खाली सही केली, तारीख टाकली. मी दुपारच्या गाडीनं भुसावळला आलो, घरी येऊन ट्रंक उघडली आणि ते पान पुनाआजाच्या उताऱ्याच्या मागे टाचून ठेवलं.