मोहरीएवढं औषध, बाकी भर

कॅप्सूलमध्ये औषध किती असतं हे मी सहसा गिऱ्हाइकाला सांगत नाही. सांगितलं की त्याचा चेहरा बघवत नाही. मोहरीच्या दाण्याएवढं औषध आणि बाकी सगळी भर, म्हणजे नुसती पांढरी भुकटी. आता मोहरीचा दाणा चिमटीत धरून औषध म्हणून कोण कोणाला देणार? म्हणून भर घालायची. आमच्या सदाशिव पेठेतल्या दुकानात माझ्या वडिलांपासून भर म्हणजे दुग्धशर्करा, दुधातून काढलेली साखर. मिसळायला सुरेख, आणि कोणाची कधी तक्रार नाही.

औषधं विकणारी दुकानं पुण्यात पावलोपावली आहेत. डॉक्टरांनी लिहिलेल्या मापात औषध तयार करून देणारी शोधावी लागतात. आमचं त्यातलं एक. हल्ली ते काम माझी सून कादंबरी बघते. मुलगा शौनक रोज खराडीला ऑफिसात जातो आणि वाहतुकीला शिव्या घालत परत येतो. ही जिना उतरून दुकानात येते. याच विषयातलं तिचं शिक्षण माझ्यापेक्षा जास्त, परवानाही आता तिच्याच नावावर. तरी येणारा माणूस तिच्याकडे बघून विचारतो, ‘‘मालक आहेत का?’’ मग मी खुर्चीतून उठतो. खोटं कशाला बोलू, उठायला बरं वाटायचं.

तुळजाबाईंनीही तेच विचारलं. खराडीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बरोबर मुलगा इंद्रजीत आणि त्याच्या खांद्यावर मान टाकलेली चार वर्षांची ऋतिका. पोर इतकी वाळली होती की मी चिठ्ठी आधी वाचायची सोडून तिच्याकडेच बघत बसलो.

चिठ्ठी अवघड नव्हती. मूत्रपिंडांवर दोन इवल्या ग्रंथी असतात. हिच्या ग्रंथी जो रस बनवायला हव्यात तो बनवत नव्हत्या. तो रोज तीनदा बाहेरून द्यायचा, जन्मभर. औषध पोटात टिकलं नाही तर जिवाशी गाठ. बाजारातली गोळी एवढ्या पोरीला फार मोठी, म्हणून कॅप्सूल करून घ्यायची आणि उघडून भुकटी चमच्यातून द्यायची. आधी दुसरीकडून आणत होते, पण पोरीचं पोट सारखं बिघडलेलं. डॉक्टरांनी तपासून खाली जाड अक्षरात लिहिलं होतं, दूध पचत नाही, पूर्ण बंद.

‘‘देतो करून,’’ मी म्हणालो.

‘‘कशात देता, बाबा?’’ कादंबरीनं हळूच विचारलं. ‘‘आपली भर दुधातलीच आहे.’’

‘‘अगं, चिमूटभर तर असते. एवढ्यानं काय होतंय?’’

‘‘धडधाकट माणसाला काही होत नाही. हिचं आतडं सोलवटून निघालंय. त्यात दिवसातून तीनदा तीच चिमूट. जुलाबावाटे औषधही वाहून जातंय.’’

मला राग आला. गिऱ्हाइकासमोर सुनेनं शिकवलेलं कोणाला आवडतं? मी चष्मा काढून पुसू लागलो.

मग सुरू झाली तिची निवड. एक गोड भर होती, दुधाशी संबंध नसलेली. ती नको म्हणाली, त्या साखरेनंच पोट सैल होतं. मक्याचं पीठ हातात घेतलं आणि ठेवलं. शेवटी लाकडाच्या गरापासून करतात ती भुकटी काढली. पोटात जाते, कशाशी भांडत नाही, जशी आली तशी निघून जाते. झालं म्हणून मी हुश्श केलं, तर सूनबाईंनी पुरवठादाराला फोन लावला. ज्या यंत्रावर ही भुकटी भरता त्यावर दुधातली साखरही भरता का? तो म्हणाला, बघून सांगतो. ही म्हणाली, मी थांबते.

‘‘माणसं बसलीत,’’ मी पुटपुटलो.

‘‘म्हणूनच थांबलेय.’’

उत्तर मनासारखं आल्यावरच तिनं खल धुऊन घेतला. औषधाइतकीच भर घालून घोटली, मग त्या दोन्हींइतकी आणखी, मग पुन्हा त्या सगळ्याइतकी. एका कॅप्सूलमध्ये जास्त आणि दुसऱ्यात कमी जाऊ नये म्हणून हे असंच करायचं असतं. मी बारकाईनं बघत होतो. आमच्या घरात कौतुकाची रीत अशी की चूक काढायला काही सापडलं नाही तर गप्प बसायचं. मी गप्प बसलो.

आठवड्याभरात इंद्रजीत परत आला, आईला आणि पोरीला घेऊन. पोरीचा चेहरा आणखी उतरलेला.

‘‘काय फरक न्हाय,’’ तो म्हणाला. ‘‘रात्री दवाखान्यात पळवली. सलाईन लावलं. एवढं करून दिलं तुमी, पण औषधच बाद हाय तुमचं.’’

माझ्या दुकानात येऊन माझ्या सुनेला हे ऐकवायचं? ‘‘अहो, आपण जरा शब्द जपून वापरा,’’ मी उसळलो. ‘‘तिनं जे केलंय तसं अख्ख्या पुण्यात कोणी करून देणार नाही.’’ आणि बोलल्यावर माझ्या लक्षात आलं की हे मी तिच्यासमोर पहिल्यांदाच बोललो.

तिनं मात्र तिकडे लक्षच दिलं नाही. स्वतःची बाजूही मांडली नाही. तुळजाबाईंसमोर स्टूल ओढून बसली.

‘‘आजी, दुपारचं द्यायचं असेल ना आता? घरी कसं देता तसं द्या बघू इथे.’’

तुळजाबाईंनी पिशवीतून वाटी-चमचा काढला. कॅप्सूल उघडून भुकटी चमच्यात ओतली. एक कण सांडू दिला नाही. मग स्टीलची छोटी किटली काढली, झाकण उघडलं आणि चमच्यात दूध घातलं.

‘‘आई!’’ इंद्रजीत ओरडला. ‘‘दूध बंद सांगितलंय ना?’’

‘‘ते पिशवीचं. तुमी चहाला आणता ते,’’ तुळजाबाई शांतपणे म्हणाल्या. ‘‘हे आपल्या चंद्री म्हशीचं हाय. औषध कडू जहर, पोरगी थुकती. मग कशात देऊ?’’

माझ्या जिभेच्या टोकावर अस्सल सदाशिव पेठी वाक्य आलं होतं. कादंबरीनं माझ्याकडे नुसतं बघितलं. मी ते गिळलं.

तिनं चमचा अलगद बाजूला ठेवला. आत जाऊन दुसऱ्या कॅप्सूलची भुकटी पाण्यात कालवून आणली आणि पोरीला आधी ती पाजली. पोरीनं वेडंवाकडं तोंड केलं, पण गिळली. मग कादंबरी म्हणाली, ‘‘आजी, म्हैस घरची असो की दूध पिशवीतलं असो, त्यातली साखर एकच. हिला तीच सोसत नाही. चंद्रीचा दोष नाही.’’

म्हातारीचा चेहरा पडला. ‘‘जमिनी गेल्या, टावर झाले. गोठ्यात एक चंद्री ऱ्हायली. सगळी पोरं तिच्याच दुधावर वाढली. आन् ह्याच पोरीला तिचं दूध इख झालं?’’ डोळ्यांना पदर लावला.

कादंबरी पुन्हा स्टुलावर बसली. ‘‘तूप कढवता का हो तिचं?’’

‘‘कढवते की. इकत कशाला आणू?’’

तिनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं. दुधातली साखर ताकाबरोबर निघून जाते, नीट कढवून गाळलेल्या तुपात जवळपास राहतच नाही, तर भुकटी थेंबभर तुपात दिली तर चालेल का? डॉक्टर म्हणाले, चालेल, आणि पोट पुन्हा बिघडलं तर लगेच घेऊन या.

‘‘ऐकलंत ना आजी? चंद्रीच्याच तुपात द्यायचं. पण लोणी चांगलं धुवा, तूप फडक्यातून गाळा. बेरी पोरीला नाही, ती तुमची.’’

‘‘आन् ताक?’’

‘‘ताक इंद्रजीतदादांना.’’

म्हातारी पदराआडून हसली. मी तराजूवरची धूळ पुसत होतो, म्हणजे धूळ नव्हती, पण पुसत होतो. भर निवडायला मीही शिकलोय. पण भर निवडताना औषध घेणाऱ्याच्या घरातला गोठासुद्धा बघायचा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि माझ्या वडिलांनाही नाही. माझी सून ते समोर करत होती आणि माझा ऊर अभिमानानं भरून आला होता.

कॅप्सूल संपत आल्या तशी एका सकाळी तुळजाबाई पुन्हा आल्या. बरोबर ऋतिका, स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढत. गाल वर आले होते. येताच तिनं काउंटरवरच्या बरणीतल्या खडीसाखरेकडे बोट दाखवलं. तुळजाबाईंच्या हातात तुपाची किटली.

सवयीनं मी खुर्चीतून उठलो. ‘‘या, या. काय हवंय?’’

तुळजाबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

‘‘तुमी बसा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मालकीण कुठं हाय?’’

आजवर माझ्याच दुकानात मला बसा म्हणायची कोणाची हिंमत झाली नव्हती. मी बसलो. इतकं बरं वाटलं की काय सांगू. मग रीत मोडून, रस्त्यावर ऐकू जाईल अशी हाक मारली, ‘‘मालकीणबाई, बाहेर या. आपल्याला विचारतायत.’’