सभासद क्रमांक सतरा

वाघजाईवाडीचा माळ वाचला. चोवीस माणसांच्या सभेनं तेरा विरुद्ध अकरा मतांनी तो मेंढरांसाठी राखला, टाळ्या पडल्या, शाळेच्या पटांगणात बुंदी वाटली आणि नवल म्हणजे ती पुरलीसुद्धा. मात्र असं काही घडलेलंच नाही, असं वरून लेखी आलं आहे. तेव्हा आपणही ते घडलं नाही असंच धरून चालू.

पहिल्या बैठकीला सुलाबाई मेटकरीनं खांद्यावरचं काळं घोंगडं काढलं, शाळेतल्या वर्गाच्या दारात जाऊन दोनदा झटकलं आणि सतरा नंबरच्या खुर्चीवर नीट अंथरलं. मग ती त्या खुर्चीशेजारी फरशीवर बसली.

"आजी, खाली कशाला? खुर्चीवर बसा ना," साक्षी म्हणाली.

"तितं मालक बसल्यात."

साक्षीनं खुर्चीकडं पाहिलं. हवामान बदललं तर गावानं काय करायचं हे गावानंच ठरवावं, म्हणून गावोगाव नागरिक सभा भरवणाऱ्या संस्थेची ती पोरगी, कराडहून आलेली. चार तालुक्यांत तिनं सभा भरवल्या होत्या. सभासद म्हणून घोंगडं मात्र तिला पहिल्यांदाच भेटत होतं.

सभासद निवडायची रीत सरळ होती. मतदार यादीतल्या नावांच्या चिठ्ठ्या कळशीत टाकायच्या, चोवीस काढायच्या आणि प्रत्येकामागं एक राखीव नाव काढून ठेवायचं. सतराव्या चिठ्ठीवर निघाला तात्याबा नाथाजी मेटकरी. त्याच्यामागं राखीव निघाली त्याचीच सून मंगल. गाव हसलं, मग हसायचं थांबलं. तात्याबा अकरा वर्षांपूर्वी मेंढरं घेऊन भाऊबंदांबरोबर कराडच्या अंगाला उतरला होता. चार महिन्यांनी मेंढरं परत आली. कुत्रंही आलं. तात्याबा यायचा होता.

यायचा होता म्हणून यादीत त्याचं नाव होतं, सुलाबाईच्या कपाळाला कुंकू होतं, आणि घरात कुणी 'होते' म्हणत नव्हतं.

मेंढक्यांच्या बैठकीत जुनी चाल आहे. जो रानात अडकलाय त्याचं घोंगडं त्याच्या जागी अंथरायचं, आणि घोंगडं आणणाऱ्यानं त्याच्या वतीनं बोलायचं. अट एकच. बोलायचं ते त्याच्या मनातलं. आपलं एक अक्षर त्यात मिसळायचं नाही. मिसळलं तर पुढचं बिरोबा बघून घेतो. साक्षीच्या नियमांच्या पुस्तकात बिरोबा नव्हता, पण सभासद तात्पुरता बाहेरगावी असेल तर तीन बैठकांपर्यंत प्रतिनिधी चालेल, मतदानाला मात्र स्वतः हजर पाहिजे, असं होतं. अकरा वर्षं म्हणजे तात्पुरतं की नाही, यावर पुस्तक गप्प होतं. साक्षीनं सतरा नंबरची हजेरी लावली.

पहिल्या बैठकीत उन्हाचा विषय होता.

"मालक म्हनत्यात, बारा ते चार लिंबाखाली पडावं. मेंढराला कळतं, मानसाला का कळू नये?"

साक्षीनं लिहिलं, 'सभासद क्र. १७ यांनी उन्हाळ्यात दुपारी रोजगाराची कामे बंद ठेवण्याचा आग्रह धरला.' ठराव झाला.

"आयला, हितं हुता तवा तात्या एवढा कवा बोलला न्हाई," बाळासो म्हणाला. माळावर सोलर पॅनेल बसवायचं काम त्याच्या मेव्हण्याला मिळणार होतं, त्यामुळं हवामानाची काळजी त्याला सगळ्यात जास्त होती.

"तुमी ऐकत कवा हुता?" सुलाबाई म्हणाली.

दुसऱ्या बैठकीला येणारे जाणारे खुर्चीला रामराम घालू लागले. चहा वाटणाऱ्या बाईनं खुर्चीपुढं एक कप ठेवला. चहावर साय धरली, मग ती साय सुरकुतली. बैठक सुटल्यावर पाहिलं तर कप रिकामा.

"माशी पडली म्हनून म्याच वतला," बाळासो म्हणाला.

कुणी विश्वास ठेवला नाही. बाळासोनंही पुन्हा सांगून बघितलं नाही.

खरा विषय तिसऱ्या बैठकीचा होता. एकशे दहा एकर माळ. त्याला कुंपण घालून पॅनेल बसवायची, की बांध घालून, गवत वाढवून तो चराईला मोकळा ठेवायचा. सभेचा कौल वर जाणार होता. चोवीसची सभा पुरी भरली नाही, तर कौलच नाही, आणि मग आधीपासून तयार असलेली कुंपणाची योजना आपोआप लागू. मेटकऱ्यांची साठ मेंढरं त्या माळावर चरत होती. मुलगा ट्रकवर, घर मेंढरांवर.

"आता तात्याचं काय म्हननं माळाबद्दल?" बाळासोनं विचारलं.

सुलाबाईनं सकाळपासून मनात जुळवून ठेवलं होतं. मालक म्हनत्यात, माळ राखा. चार शब्द. तिनं घोंगड्याच्या काठावर हात ठेवला. वर्गात पंखा होता, माणसं घामेजली होती, आणि घोंगडं मात्र पहाटेच्या दवात पडून राहिल्यासारखं गार लागलं.

"ह्या माळावर मानूस जगत न्हाई, वाळतं," ती म्हणाली. "सोडा त्यो माळ."

आवाज तिचाच होता. 'वाळतं' म्हणताना हनुवटी वर उडाली ती तिची नव्हती. म्हाताऱ्या माणसांनी ती ओळखली आणि खुर्चीकडं बघायचं टाळलं. बाळासोला खरं तर आनंद व्हायला पाहिजे होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर धरून बसला. साक्षीनं लिहिलं, 'सभासद क्र. १७ यांचा पॅनेलला पाठिंबा.'

राखीव म्हणून मागं बसून ऐकणाऱ्या मंगलनं घराकडं येताना विचारलं,

"आत्याबाई, मामंजी आसं कवा बोललं हुतं?"

"जातानं."

"आनि तुमी काय म्हनला?"

"म्या म्हनलं, येतानं मीठ आना."

चौथ्या बैठकीला, मतदानाला, प्रतिनिधी चालत नव्हता. साक्षी आदल्या दिवशीच दुपारी घरी आली. मेंढरं लिंबाखाली बसली होती. तिनं पिशवीतनं एक कागद काढला. नमुना चार, सभासद बदली.

"तात्याबा आजोबा उद्या आले नाहीत तर तेवीसच होतात, आजी. सभा मोडेल. यावर अंगठा दिलात तर त्यांच्या जागी मंगलताई बसतील."

मंगल दोरी वळत होती. ती वर न बघता म्हणाली, "साठ मेंढरं म्या कुटं न्यायची, आत्याबाई? बाळासोच्या पत्र्याखाली?"

"काय लिवलंय त्यात?"

"बदलीचं कारण. मयत, किंवा कायम स्थलांतर. दोन्हीपैकी एकावर खूण करायची." साक्षीनं आवाज खाली आणला. "मयतच लिहिलं पाहिजे असं नाही आजी. कायम स्थलांतर पण चालतं."

"त्याला काय लागतं?"

"नवीन पत्ता."

सुलाबाईनं मेंढरांकडं बघितलं. एक कोकरू आईला सोडून भलत्याच मेंढीला ढुशा देत होतं.

"मग मयत लिव."

साक्षीनं खूण केली. मंगलच्या हातातली दोरी थांबली.

"तारीख?"

"बिरोबाच्या जत्रंनंतरचा सोमवार."

"यंदाचा?"

"अकरा वर्सामागचा."

साक्षीनं मोबाइलमध्ये बोट फिरवून तो सोमवार शोधला आणि तारीख घातली. मंगलनं मान वर केली. त्या सोमवारी, मेंढरं घेऊन निघाला तेव्हा, तात्याबा धडधाकट होता. तिनंच त्याला चार भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता, आणि तो वाडीच्या बाहेर पडेस्तोवर ती दारात उभी होती. पुढं दोन महिने भाऊबंदांनी त्याला चांगलं हिंडताफिरता पाहिलं होतं. ती काहीतरी बोलणार होती. तिनं सासूच्या तोंडाकडं बघितलं आणि दोरी पुन्हा वळायला घेतली.

सुलाबाईनं अंगठा दिला. शाई कुठं पुसावी ते तिला कळेना. लुगड्याला पुसवेना. शेवटी तिनं घोंगड्याला पुसली. काळ्यावर काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंगल सतरा नंबरच्या खुर्चीवर, नुसत्या खुर्चीवर बसली. मग जे घडलं नाही ते घडलं.

दीड महिन्यानं पत्र आलं. बाळासोनं ते पारावर मोठ्यानं वाचलं. 'नमुना चारवरून असे दिसून येते की, सभासद क्र. १७ हे सभेच्या स्थापनेपूर्वी अकरा वर्षे मयत होते. मयत इसमाने तीन बैठकांत भाग घेऊन मत मांडल्याने सदर बैठका व त्यावर आधारित ठराव झालेच नाहीत असे समजावे. कुंपणाचे काम नियोजनाप्रमाणे सुरू करावे.'

"मेल्यावर बी सभा मोडून गेला गड्या," बाळासो म्हणाला. पण कागदाची घडी त्यानं सावकाश घातली आणि स्वतः चालत मेटकऱ्यांच्या घरी आणून दिली.

साक्षीचा फोन आला. ती रडत होती.

"आजी, चूक माझी. मी विचारायला पाहिजे होतं. तुम्ही चौथ्या बैठकीच्या आदल्या दिवसाची तारीख सांगितली असती तरी चाललं असतं. कुणी तपासलं नसतं."

"त्या दिशी मेलं न्हाईत ते, बाय."

"तारीख बदलून दुसरा अर्ज देऊया का?"

"तारीख हाय तीच ऱ्हाऊ दे."

सुलाबाईनं फोन मंगलकडं दिला. मग तिनं मंगलला वही आणायला सांगितली. माळावर खांब रोवायचा आवाज सुरू झाला होता. मशीन जमिनीत शिरत होतं, अडत होतं, पुन्हा शिरत होतं. सुलाबाई एकेक वाक्य सांगत गेली, आणि मंगल ते आपल्या बारावीच्या मराठीत बसवत गेली. एकदा मंगलनं पेन थांबवून विचारलं, "असं चालंल का, आत्याबाई?" सुलाबाई म्हणाली, "न चालायला काय झालं? समजा म्हनून तेच सांगत्यात की."

अर्ज असा होता.

'मा. साहेब यांचे सेवेशी, अर्जदार सुलाबाई तात्याबा मेटकरी, राहणार वाघजाईवाडी, यांजकडून. माझे पती अकरा वर्षांपूर्वी दिलेल्या तारखेस मयत झाले हे खरे आहे व त्याबाबत माझी तक्रार नाही. तथापि ते सभेस तीन वेळा हजर होते हेही खरे आहे, व त्यास तेवीस सभासद साक्षीदार आहेत. त्यांनी माळाविरुद्ध मत दिले, ते मी लपविलेले नाही. मला त्यांच्याकडून त्याआधीचे वा त्यानंतरचे काहीही नको असून, सदर मयत इसमास फक्त पहिल्या तीन बैठकांपुरते जिवंत समजण्यात यावे, ही नम्र विनंती.'